मृत्युपत्राचं दुसरं पान

आमच्या बाजूच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळा देश घोरत पडलेला असतो तेव्हा आमचे फिटर, टर्नर, वेल्डर डबा घेऊन पिरंगुटच्या रस्त्याला लागलेले असतात. गुरुवारी देश कामाला लागला की आमची माणसं बनियनवर पारावर बसून देशाची काळजी करतात. आबा मात्र पारावर कधी बसले नाहीत. त्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळाही गुरुवारी उघडी, एवढ्या एका योगावर त्यांचं सगळं आयुष्य चाललं.

नेरे आणि घोटावडे यांच्या मधे आमचं गाव. गावात चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्यांची, दारात एक चिंच. आबा तिथे माझ्यापुढे दोन इयत्ता. चौथी पास होऊन ते शाळेतून बाहेर पडले ते फक्त कागदावर. कंपनीत फिटर म्हणून लागल्यावर पहिल्याच गुरुवारी पान्ह्यांची पिशवी घेऊन ते शाळेच्या दारात उभे. "गुरुजी, फळ्याचा पाय हलतोय. मी शिकत हुतो तवापासनं हलतोय. तवा माझ्याकडं पाना न्हवता." फळा बसला. मग खिडकीची कडी, मग कौलं, मग आडाचा रहाट. त्यानंतर पन्नासेक वर्षं एक गुरुवार चुकला नाही. स्वतःच्या लग्नाचासुद्धा नाही. अंगाला हळद लागलेली, आणि हा गडी सकाळी आडावर रहाट बसवतोय. पुढे महिनाभर शाळेतल्या पोरांना पिवळं पाणी प्यावं लागलं. हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पिवळं पाणी तेवढं सोडून.

शाळेची घंटा त्यांनीच केलेली. कुठूनसा रुळाचा तुकडा आणून चिंचेला टांगला. पहिल्या दिवशी त्यावर हातोडा पडला तेव्हा आमच्याकडच्या तीन म्हशींनी दूध चोरलं, आणि लवळ्याच्या डोंगरावरच्या होस्टेलमधली पोरं पेपर सुरू झाला म्हणून चड्डीवर धावत सुटली. एका वळवात शाळेचा पत्रा उडायला लागला तर आबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही. वाऱ्यानं पत्र्यासकट उचलून त्यांना घोटावड्याच्या हद्दीत ठेवलं. तिथून ते पत्रा डोक्यावर घेऊन चालत परत आले. लोक अजून सांगतात ही गोष्ट. मी पाहिलं नाही, पण पहिल्यांदा सांगितलं मीच.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "आबा, तुम्हाला ह्यातनं मिळतं काय?"

"गुरुवारी घरी बसून करू काय? तुजी वहिनी कामाला लावती."

वहिनी वारल्या. आबांना मूलबाळ नव्हतं. नोकरी संपली, सगळे वार सुट्टीचे झाले, तरी ते यायचे गुरुवारीच. विचारलं तर म्हणाले, "बाकीच्या दिवशी शाळा पोरांची असती."

आता मुद्द्याचं. शाळेला लागूनच आबांचं अकरा गुंठ्यांचं भाताचं खाचर होतं. गावातल्या बाकीच्या जमिनींवर एव्हाना इमारती उगवल्या होत्या. आम्ही सगळे गुंठामंत्री. मी स्वतः आयटीवाल्या पोरांसाठी बारा रूमा बांधून बसलोय आणि माझ्या बैलाच्या गोठ्यात आता तीन मोटारसायकली आणि एक ट्रेडमिल उभी असते. आबांच्या त्या अकरा गुंठ्यांवर डोळा नव्हता असा एजंट पुणे जिल्ह्यात नव्हता. एकानं तर जागेच्या बदल्यात गाडी, फ्लॅट आणि वर स्वतःची मेहुणी देऊ केली होती, असं मी ऐकलंय. आबांनी काही दिलं नाही आणि काही घेतलं नाही. दर आषाढात एका गुरुवारी शाळेतली सगळी पोरं ते त्या खाचरात उतरवायचे. चौथीतलं प्रत्येक पोर सरळ ओळीत भात लावायला शिकूनच पाचवीला बाहेर पडायचं. आंबेमोहोर. पीक आलं की एक पोतं शाळेच्या कोठीत, पोरांच्या खिचडीला.

यंदा जूनमधे त्यांनी वाफ्यात रोप टाकलं आणि आठवड्याभरात झोपेतच गेले. त्र्याहत्तर वर्षांचं वय, कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. दहाव्याला नदीकाठी एवढी माणसं जमली की कावळ्याला उतरायला जागा नव्हती. तिथेच शाळेच्या बाईंनी आबांनी त्यांच्याकडे ठेवलेलं मृत्युपत्र वाचायला घेतलं. या बाई शाळेच्या मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून आणि शिपाई, सगळं एकट्याच. तिकडच्या सोलापूर बाजूच्या, सात वर्षांपासून आमच्यात.

मृत्युपत्राची पानं दोन. पहिल्या पानावर लिहिलं होतं की शाळेलगतचं खाचर आबा शाळेला देत आहेत. एवढं ऐकलं आणि नदीकाठी, दहाव्याला, चक्क टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी घोषणा दिली. मग भाषणं सुरू झाली. मी स्वतःच पस्तीस मिनिटं बोललो आणि बाई दुसरं पान हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी पाऊस आला, माणसं पांगली.

त्या दुसऱ्या पानावर काय होतं ते आम्हाला पुढे कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. लिहिलं होतं: "या खाचरात शाळेच्या मुलांनी दरसाल भात लावावा. ज्या साली खाचर पडीक राहील त्या साली ते माझ्या पुतण्याकडे जावे. शिकलेलं विसरायला एक साल पुरतं."

हे माहीत नसलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांची दुसऱ्या दिवशी बैठक झाली. अध्यक्ष सरपंच. हा माझा वर्गमित्र. वीस वर्षांपूर्वी एकदा सरपंच झाला होता, पण आमच्याकडे माणूस एकदा सरपंच झाला की मरेपर्यंत सरपंच असतो. ठरलं की महिना भरायला येईल तेव्हा आबांचा मोठा सन्मान सोहळा करायचा. तालुक्याहून पाहुणे आणायचे. कमान उभारायची आणि फ्लेक्स लावायचा. पण आबांचा फोटो कुणाकडेच नव्हता. शाळेच्या प्रत्येक फोटोच्या वेळी हा माणूस मागचा पडदा धरून उभा. पन्नास वर्षांच्या फोटोंतून मिळून आठ बोटं आणि एक कोपर सापडलं. शेवटी कंपनीचं ओळखपत्र मोठं केलं, तर आबा चाळणीतून बघितल्यासारखे दिसायला लागले. फ्लेक्सवर ते मधे, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि भोवती आम्ही अकरा जण गॉगल लावून.

"मांडव कुटं घालायचा?" सरपंच म्हणाला. "शाळेच्या अंगणात चिंच आन् सोळा पोरं उभी राह्यली की जागा संपती."

"खाचरात घालू," मी म्हणालो. "आता शाळेचीच जागा हाय. जेसीबी बोलवू, सपाट करू, वर मुरूम टाकू. आबांच्या भुईवरच आबांचा सन्मान."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कल्पना माझी होती. हे मी लपवलं असतं, पण गावात अजून सगळ्यांना पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, भाताचं खाचर, आषाढ महिना, वाफ्यात रोप हातभर झालेलं, आणि ह्या शहाण्यांना ते दिसलं नाही? नाही दिसलं. गेली पंधरा वर्षं आमच्याकडे जमीन हातात आली की माणूस पहिल्यांदा जेसीबी बोलवतो, मग तारेचं कुंपण घालतो, मग पाटी लावतो, आणि मग विचार करतो. आमचे हात आपोआप फोनकडे गेले. बाई दोन दिवस प्रशिक्षणाला पुण्यात गेल्या होत्या. मंगळवारी जेसीबी आला. दुपारपर्यंत चारही बांध भुईसपाट झाले. रोपाच्या वाफ्यांवर बारा डंपर मुरूम पडला आणि वर रोलर फिरला. अशी गुळगुळीत जागा झाली की विमान उतरवावं. मी स्वतः त्यावर अनवाणी चालून पाहिलं आणि सरपंचाला म्हणालो, "आबा बघायला पाह्यजे हुते."

बुधवारी सकाळी बाई आल्या. रिक्षातून उतरल्या आणि छत्री उघडायचंच विसरल्या. पावसात तशाच उभ्या राहून त्या मुरमाकडे बघत होत्या. मला वाटलं, आनंद झालाय. मी पुढे होऊन म्हणालो, "कसं वाटतंय बाई? अजून कमान यायची हाय."

बाई तडक वळल्या. वर्गात गेल्या, कपाट उघडलं, दुसरं पान आणून माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीला माझा आवाज म्हशीनं दूध चोरावं तसा आत गेला.

"तात्या," बाई म्हणाल्या, "गावातली निम्मी मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. उरलेली सोळा माझ्याकडे का टिकलीत सांगू? त्यांच्या आया म्हणतात, ह्या शाळेत पोरगं भात लावायला शिकतं. त्या बसवाल्यांकडे स्विमिंग पूल आहे, माझ्याकडे हे खाचर होतं. तुम्ही मोठी माणसं. मी काय बोलणार?"

एवढं बोलून त्या हजेरी घ्यायला गेल्या. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

सोहळा तिथेच रद्द. दुपारी सरपंचानं तोच जेसीबी मुरूम काढायला आणला. पण खालची भुई चिखल धरून होती, जेसीबी कमरेइतका रुतला. त्याला ओढायला दुसरा आणला, तोही रुतला. दोन दिवस ते दोन पिवळे हत्ती एकमेकांना सोंड लावून बसले होते आणि हिंजवडीहून लोक फोटो काढायला येत होते. कसेबसे निघाले. निम्मा मुरूम गेला, निम्मा राहिला. लावणीचे दिवस मोजून पंधरा उरले होते. रोप मेलेलं, बांध नाहीत, गडी मिळत नाहीत.

रात्री ताटावर बसलो तर आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "इर्जिक घाला."

"आता कोण येतंय इर्जिकीला?"

"बोलावल्याबिगर कसं कळंल? फ्लेक्सवर गॉगल घालताना न्हाई विचारलं, कोण बघतंय म्हून."

इर्जिक म्हणजे काय ते शहरातल्यांसाठी सांगतो. एखाद्याचं काम अडलं की तो घरोघर जाऊन आवतण द्यायचा. ठरल्या दिवशी सगळा गाव बैल-औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचा, गाणी म्हणत दिवसात काम उरकायचा. मजुरी नाही, ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. माझ्या लहानपणी एका इर्जिकीत माझ्या चुलत्यानं एकट्यानं दोन एकर नांगरून सव्वा परातभर लापशी खाल्ली होती. शेवटची इर्जिक गावात कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं. आम्ही सगळे रूमांची भाडी गोळा करण्यात होतो.

दुसऱ्या दिवशी बाई, मी आणि सरपंच आवतण द्यायला निघालो. नवबौद्ध वस्तीपासून सुरुवात केली, कारण आबांच्या हाताखाली भात लावायला शिकलेल्या, अजून हाताला सवय असलेल्या बाया तिथेच जास्त. तिथल्या एका म्हातारीनं आम्हाला उंबऱ्यातच धरलं.

"मुरूम कुनी टाकला म्हनायचा?"

"मी, मावशी."

"मग आवतान बाईंनी द्यावं. तुमी नुसतं उबं ऱ्हावा."

तेव्हापासून घरोघर बाई आवतण द्यायच्या आणि मी नुसता उभा. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो. तिसऱ्या आळीत माझी दाढ दुखायला लागली.

सगळा गाव झाला. घरी येऊन टेकतो तोच मंडळीनं विचारलं, "पुतन्याला सांगितलं?"

"त्याला कशाला? खाचर पडीक पडलं तर त्यालाच मिळतंय. त्यालाच सांगू, ये बाबा आन् आमाला हारव?"

"भावकीतलं घर सोडून इर्जिक आसती व्हय? एक घर गाळलं तर ती इर्जिक न्हाई, मजुरी झाली. जावा."

आणि हे खरं होतं. इर्जिकीत ज्याच्याशी भांडण आहे त्याचं घर तर आधी घ्यावं लागतं.

पुतण्या राहतो नेऱ्याला. मारुंजीच्या अंगाला त्याची चार मजल्यांची इमारत, प्रत्येक बाल्कनीत तीन-तीन टॉवेल आणि खाली पार्सलवाल्या पोरांची जत्रा. माणूस पन्नाशीचा, धिप्पाड, आबांसारखंच कमी बोलणारा. ह्याच शाळेत शिकलेला, पण चुलत्याशी येणं-जाणं बेताचं. मी जिन्यातच हात जोडले.

"येत्या गुरुवारी इर्जिक हाय. आबांच्या खाचरात. आवतान द्यायला आलोय."

"बरं," तो म्हणाला. "चा घ्या, तात्या."

बस्. एवढंच. मी चहा घ्यायचा आणि उठायचं. पण माझी जीभ! दिवसभर गप्प राहून ती आधीच फुगली होती. मी म्हणालो, "तुझं मन मोठं हाय बाबा. दुसरा कुणी आसता तर म्हनला आसता, खाचर पडीक पडू द्या, मग माझंच हाय."

पुतण्यानं कप खाली ठेवला. "कसं काय माझं?"

"म्हंजे… ते… मृत्युपत्राच्या दुसऱ्या पानावर हाय न्हवं…"

"मला पयलंच पान ठाऊक. दहाव्याला तुमचं भाषन चालू झालं तवा मी घरी आलो."

जिन्यातून खाली येताना माझे पाय इतके जड झाले होते की दोन पायऱ्या खचल्या. मागून तो एवढंच म्हणाला, "बघू."

घरी मंडळीला सांगितलं. ती माझ्याकडे जेवढा वेळ बघत राहिली तेवढ्या वेळात नेऱ्यात आणखी एक मजला चढला असेल. मग म्हणाली, "पाठवला मीच. चूक माझी. तुमाला एकट्याला नको हुतं पाठवायला." बाईंना सांगायचं धाडस मला झालं नाही, मंडळीनंच सांगितलं. बाई म्हणाल्या, "लावणी झाली तर प्रश्नच येत नाही." पण त्या दिवसापासून शाळेसमोरून एखादी मोठी गाडी हळू झाली की त्या खडू हातात धरून खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या.

गुरुवार उजाडला. सात वाजता मी खाचरावर गेलो तेव्हा तिथे मी, बाई, सरपंच आणि एक कुत्रं. सरपंच म्हणाला, "कुत्रं तरी आलं." साडेसातला वस्तीवरच्या बाया आल्या, डोक्यावर पोत्याच्या खोळी, काखेत रोपांच्या मुठी. मागून ती म्हातारी. मग कंपनीच्या बसगाड्यांचा एक मालक आला, बससकट, आणि त्यातून उतरले चाळीस जण. गुरुवारची सुट्टी सगळ्यांनाच! दोन बैलजोड्या आल्या, एक पॉवर टिलर आला. माझ्या रूमांमधली आयटीवाली चार पोरं आली, गुडघ्यापर्यंत घडी घातलेल्या जीन्समध्ये. त्यांतलं एक नागपूरचं पोर म्हणालं, "अंकल, ह्याला टीम बिल्डिंग म्हणतात. आमची कंपनी ह्याचे पैसे घेते."

म्हातारीनं सूत्रं हातात घेतली. फ्लेक्स खाली काढून चुलवणावर आडवा बांधला, पाऊस लागू नये म्हणून. त्यामुळे आम्ही अकरा गॉगलवाले दिवसभर आमटीच्या वाफेत डोकं खाली करून बघत होतो. घमेल्यांची ओळ लागली. ज्यानं दहा वर्षांत स्वतःचं पोट सोडून काही उचललं नव्हतं तो माणूस मुरूम उचलत होता. सरपंच बांध घालायला बसला, पण त्याचा बांध पोटातून सुटायचा.

"सरपंच, तुमच्या काळातला रस्ताबी आसाच फुटायचा," म्हातारी म्हणाली. "हातानं दाबा. भाषान करू नगा त्याच्यावर."

कुणीतरी भलरीचं गाणं धरलं. निम्म्यांना शब्द येत नव्हते, पण 'भलरी दादा भलरी'ला सगळे जोरात. बारा वाजता मुरूम निघाला, एकला बांध उभे राहिले, पॉवर टिलरनं चिखल असा लोण्यासारखा केला की मी त्यात पडलो ते तीन जणांना पाच मिनिटं सापडलो नाही.

दोनला पोरं उतरली. सोळाच्या सोळा, दप्तरं व्हरांड्यात ठेवून. आणि तेव्हा मला आबांचं काम दिसलं. आम्ही साठ माणसं वेडीवाकडी रोपं खुपसत होतो आणि ही चिमुरडी पाठीमागे सरकत सरकत अशी ओळ लावत होती की पट्टीनं आखावी. तिसरीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "आजोबा, एका जागी दोन काड्या. तुम्ही अख्खी मूठ लावलीय. गुदमरतील ना ती."

मी माझी मूठ उपटून परत लावली.

आणि साडेतीनला रोप संपलं.

निम्मं खाचर झालं होतं. गावात आता भात करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी आपापल्या वाफ्यातून निघेल तेवढं आणलं होतं. वस्तीवरच्या बायांनी तर स्वतःच्या तुकड्याचंसुद्धा उपसून दिलं होतं. सरपंचानं चारी दिशांना फोन लावले. घोटावड्याकडची लावणी होऊन गेलेली. कुणाकडे रोप शिल्लक नाही. भलरी थांबली. साठ-सत्तर माणसं कोपरापर्यंत चिखल घेऊन उभी. बाई बांधावर बसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी चेहरा पदरानं झाकला. "निम्मं लावलं म्हणजे पडीक नाही ना हो?" त्यांनी मला विचारलं. मी आयुष्यभर निम्म्याचं दुप्पट करून सांगत आलो, पण ते खाचर माझं ऐकत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याला टेम्पो थांबला. पुतण्या उतरला. मागे फळी पाडली तर आत रोपांच्या मुठी, काठोकाठ, हिरव्यागार. त्यानं पँट वर केली, चपला काढल्या, एक गठ्ठा खांद्यावर घेतला आणि सरळ खाचरात उतरला.

"उशीर झाला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सकाळपासनं उपटतोय. रूममधल्या पोरांना घेतलं मदतीला, त्यांनी निम्मं तोडलं."

"हे कुठलं रोप?" बाईंनी विचारलं.

"चुलत्याचंच. आंबेमोहोर. दरसाली जूनात शेर-दोन शेर बी आनून द्यायचा मला. जिन्यातच ठिवायचा आन् जायचा. मी म्हनायचो, आबा, मला कुटं वेळ हाय? तर म्हनायचा, टाकून ठेव. इमारतीमागं चार गुंठं हायेत, त्यात टाकतो. औंदा जरा जास्तच दिलं हुतं. मला कळंना, एवढं कशाला."

म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे झाली. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, "आरं, पन तू आला कशाला? तुजं नुकसान हाय ह्यात."

पुतण्या मुठी सोडत होता. "आवतान आलं हुतं ना, आत्ये. आबानं वीस वर्सं बी दिलं, पन कदी ये म्हनला न्हाई. मला वाटायचं, त्येला मी नको हाय." मग हातातली मूठ तशीच धरून, "आन् दुसऱ्या पानावर माजं नाव घातलं व्हय त्यानं? खरंच?"

बाई उठल्या. वर्गात जाऊन ते पान घेऊन आल्या आणि ओल्या हातानं चुरगळू नये म्हणून त्याच्यापुढे स्वतः धरून उभ्या राहिल्या. त्यानं वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण एवढ्या तीन ओळींना त्याला बराच वेळ लागला. मग नाक बाहीनं पुसलं. बाहीला चिखल होता, तो सगळा मिशीला लागला, आणि पोरं हसायला लागली. तोही हसला. कुणीतरी भलरी पुन्हा धरली.

साडेपाचला शेवटची काडी लागली. ती कुणी लावली यावर गावात चार मतं आहेत, त्यांतली तीन मी पसरवली आहेत.

जेवण शाळेच्या व्हरांड्यात. कोठीत आबांनी गेल्या साली ठेवलेलं तांदळाचं पोतं होतं. त्याचाच भात, वर आमटी, आणि लापशी. आंबेमोहोराचा वास असा सुटला की हिंजवडीच्या सिग्नलला थांबलेल्या लोकांनी गाडीच्या काचा खाली केल्या. इर्जिकीत वाढतो तो घरचा माणूस, आणि तो शेवटी जेवतो. कुणी ठरवलं नाही, पण पहिल्या पंगतीपासून एका टोकाला बाई वाढत होत्या आणि दुसऱ्या टोकाला पुतण्या. तालुक्याचे पाहुणे नव्हते, हार नव्हते, माईक नव्हता. सरपंच तेवढा लापशी दुसऱ्यांदा घेताना म्हणाला, "सोहळा झाला आसता तर मला यवढी भूक लागली नसती."

माणसं पांगली तसा मी खाचराकडे वळलो. बाई आणि पुतण्या बांधावर होते. खाचरात पाणी साचलं होतं आणि नवी रोपं माना टाकून उभी होती, पहिल्या दिवशी टाकतातच. बाईंना ते माहीत नव्हतं. "मेली का हो ही?" त्या घाबरून विचारत होत्या.

"न्हाई. उद्या उठत्यात." त्यानं खाली वाकून पाण्यात बोट उभं बुडवलं, पेरापर्यंत. "यवढंच पाहिजे. जास्ती झालं की मुळं सुटून तरंगतात." मग बांधाच्या कोपऱ्यात हातानं चिखल बाजूला करून पाण्याला वाट केली, थोडं सोडलं, पुन्हा बोट बुडवून बघितलं आणि वाट बुजवली. "पावसाचा जोर झाला तर हितनं सोडा. जमल तुमाला?"

बाईंनी साडी वर खोचून, वाकून, स्वतः बोट बुडवून पाहिलं. "एवढं?"

"थोडं आजून खाली. व्हय, बास." तो उभा राहिला, हात पँटला पुसले. "ऱ्हाऊ द्या. परवा सकाळी मीच येतो बघायला. तवर कुनाला हात लावू देऊ नका." आणि मान जराशी माझ्याकडे वळवून म्हणाला, "तात्यांना तर आजिबात न्हाई."